परसातल्या कोंबड्यांची दिवसाची राखण

- खास प्रतिनिधी

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. परसात कोंबड्या पाळणाऱ्यांच्या बाबतीत ही म्हण निराळ्या अर्थाने खरी ठरते. रात्री कोंबड्या डालून, खुराड्याला कडी लावून घरातली मंडळी निर्धास्त झोपतात. खरी धास्ती सुरू होते ती तांबडे फुटल्यावर. दार उघडले, की कोंबड्या उकिरड्यावर, कुंपणाशी, केळीच्या बुडाशी पांगतात आणि संध्याकाळी मोजायला गेले, की एखादी तलंग कमी भरते. कधी पिलांची संख्या आठावरून पाचावर येते. आरडाओरडा कोणी ऐकलेला नसतो, रक्ताचा थेंब कुठे दिसत नाही. ‘मुंगसाने नेली असेल’ किंवा ‘घारीने उचलली असेल’ एवढ्यावर चौकशी संपते आणि दुसऱ्या दिवशी दार पुन्हा तसेच उघडले जाते.

हे नुकसान वाटते तेवढे किरकोळ नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशातील एकूण कोंबड्या व इतर पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख होती. त्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातले होते. आधीच्या, म्हणजे २०१२ च्या गणनेपेक्षा परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. व्यावसायिक कुक्कुटपालनातील वाढ मात्र साडेचार टक्क्यांच्या आसपासच होती. या परसातल्या कोंबड्यांची देखभाल बहुतेक ठिकाणी घरातली बाई करते आणि अंड्यांचा, कोंबड्यांचा पैसा तिच्याच हातात राहतो. मुलाची वही, औषधाची बाटली, एसटीचे भाडे यांसाठी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नाही, तो या पैशामुळे. देशी कोंबडी वर्षाकाठी ६० ते ८० अंडी देते. त्यातली काही विकली जातात, काही खाल्ली जातात आणि काही खुडूक कोंबडीखाली ठेवली जातात. २१ दिवस बसून कोंबडीने बाहेर काढलेली पिले महिन्याभरात निम्मी झाली, तर पुढच्या वर्षीचे उत्पन्नही निम्मे झाले, असाच त्याचा अर्थ होतो.

आता शहरातील वाचकांचाही या प्रश्नाशी संबंध येऊ लागला आहे. मुळशी, कर्जत, पानशेत अशा भागांत सुट्टीचे घर बांधणारे, शहराच्या सीमेवर बंगल्याच्या आवारात चार कोंबड्या पाळणारे आणि गावाकडच्या घरी ‘वनराजा’ किंवा ‘कडकनाथ’ची पिले नेऊन देणारे अनेक जण आहेत. त्यांचा अनुभव बहुधा सारखाच असतो. खुराडे सुरेख बांधले जाते, हिरवळ राखली जाते आणि पहिल्या दोन महिन्यांतच निम्म्या कोंबड्या नाहीशा होतात. त्यामागे दैव नसते. आवाराची रचना चुकलेली असते.

दरोडेखोर कोण?

कोल्हा, उदमांजर, बिबट्या हे मुख्यतः रात्रीचे किंवा संधिकालचे प्राणी. पक्क्या खुराड्याने त्यांचा बंदोबस्त होतो. दिवसाच्या शत्रूंचे मात्र दोन तट पडतात. एक आकाशातून येणारा आणि दुसरा जमिनीवरून येणारा. या दोघांच्या वागण्यात मूलभूत फरक आहे आणि उपाय ठरवताना तो ध्यानात ठेवावाच लागतो.

आकाशातून येणाऱ्यांत पहिले नाव घारीचे. घार ही मुळात उरलेसुरले खाणारी आहे. कचऱ्याचे ढीग, मासळीबाजार, खाटीकखाने यांच्यावर ती घिरट्या घालते. मात्र उघड्या अंगणातली पिले दिसली, की खाली झेपावून, जमिनीवर न उतरताच ती पायांत पिलू उचलते. तिचे स्वतःचे वजन एक किलोच्या आतबाहेर असल्याने पूर्ण वाढलेली कोंबडी तिला उचलता येत नाही. उन्हाने जमीन तापून वर जाणारे हवेचे झोत तयार झाले, की घारी त्यांवर तरंगू लागतात. म्हणून सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत त्यांचा वावर अधिक जाणवतो. आपल्याकडे घारीची वीण मुख्यतः हिवाळ्यात, जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास सुरू होते आणि पिले पावसाळ्यापूर्वी उडू लागतात. घरट्यात पिले असतानाच्या काळात घारीच्या फेऱ्या वाढतात.

शिक्रा हा आकाराने कबुतराएवढा, पण अधिक चपळ. तो घिरट्या घालत बसत नाही. झाडाच्या दाट फांदीत लपून बसतो आणि संधी मिळताच जमिनीलगत सुसाट येतो. सरडे, पाली, छोटे पक्षी हे त्याचे नेहमीचे खाद्य. कोंबडीची लहान पिलेही त्यातच येतात. सह्याद्रीच्या जंगललगतच्या वस्त्यांत मोठे गरुड वाढलेल्या कोंबडीवरही झडप घालतात. कावळ्याला विसरून चालणार नाही. पहिल्या आठ-दहा दिवसांची पिले आणि उघड्यावर घातलेली अंडी यांचा तो मोठा वैरी आहे. तो एकटा येत नाही. एक जण कोंबडीला डिवचून पुढे ओढतो आणि दुसरा मागून पिलू उचलतो.

जमिनीवरून येणाऱ्यांचा म्होरक्या म्हणजे मुंगूस. दीड हात लांबीचा, त्यात निम्मी शेपूट असलेला हा राखाडी प्राणी पूर्णपणे दिवसाचा आहे आणि गावाइतकाच शहरातही सुखाने राहतो. कुंपणाच्या कडेने, गटाराच्या नळातून, रचलेल्या लाकडांच्या आडून तो येतो. मोकळी जागा ओलांडणे त्याला आवडत नाही. मानेला किंवा डोक्याला चावा घेऊन तो कोंबडी मारतो आणि झुडपात ओढून नेतो. अंडी तर त्याच्या विशेष आवडीची. घोरपड अंडी आणि लहान पिले सबंध गिळते. नागही खुराड्यातल्या अंड्यांसाठी आणि पिलांसाठी येतो. पाळीव व भटकी मांजरे पिले उचलतात. रानमांजर वाढलेली कोंबडीही नेते. या सर्वांहून अधिक नासधूस भटकी कुत्री करतात. ती भुकेपोटी कमी आणि पाठलागाच्या नादाने अधिक मारतात, त्यामुळे एका झपाट्यात सारा कळप संपतो.

खुणा वाचायला शिका

चोर ओळखल्याशिवाय कुलूप कोणते लावायचे ते ठरत नाही. कोंबडी गेल्यावर पहिल्या तासाभरात परस नीट पाहिले, तर पुष्कळदा उत्तर मिळते.

पिलू नाहीसे झाले आणि मागे पीस किंवा रक्त काहीच नाही, अशा वेळी संशय घार, शिक्रा किंवा मांजरावर घ्यावा. एका जागी उपटलेल्या पिसांचे वर्तुळ पडले असेल, तर शिकारी पक्ष्याने तिथेच बसून भक्ष्य खाल्ले, असे समजावे. मानेवर, डोक्यामागे बारीक दातांच्या खुणा आणि झुडपाच्या दिशेने ओढत नेल्याची रेघ दिसली, तर ते काम मुंगसाचे. अनेक कोंबड्या मरून पडलेल्या, पिसे सर्वत्र विखुरलेली, पाठ आणि मांड्या फाटलेल्या, पण मांस फारसे खाल्लेले नाही, असे दृश्य कुत्र्यांचे असते. अंड्याला वरून भोक पाडून आतला बलक खाल्लेला असेल, तर कावळा. टरफलासह अंडे नाहीसे झाले असेल, तर साप किंवा घोरपड यांचा विचार करावा.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. परसात मरून पडलेली आणि कावळ्यांनी टोचलेली कोंबडी शिकारीतच मेली, असे धरून चालू नये. आजाराने मेलेल्या कोंबडीवरही कावळे, घारी आणि मुंगसे ताव मारतात. जिवंतपणी चावा घेतला असेल, तर जखमेभोवती कातडीखाली रक्त साकळलेले दिसते. मेल्यानंतरच्या जखमेत ते दिसत नाही. अंगावर जखम नाही, मान वाकडी होते, विष्ठा हिरवट आहे आणि एकामागून एक कोंबड्या मरत आहेत, अशी लक्षणे असतील, तर राणीखेत रोगाची शंका घेऊन पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लूचा उद्रेक नोंदवला गेला. तेव्हापासून अचानक मोठ्या प्रमाणावर होणाऱ्या मरतुकीची माहिती पशुसंवर्धन विभागाला देणे किती गरजेचे आहे, हे आपण शिकलो आहोत. अशा मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये.

कोंबड्याची बांग आणि आडोशाची गोष्ट

दिवसाच्या राखणीचा पाया कोंबडीच्या स्वतःच्या स्वभावात आहे. कोंबड्या एक डोळा आकाशाकडे करून मान तिरकी करताना आपण पाहतो. ती त्यांची टेहळणी असते. धोका दिसताच कोंबडा ओरडतो, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आकाशातल्या आणि जमिनीवरच्या शत्रूसाठी तो दोन वेगवेगळे आवाज काढतो, हे अनेकांना माहीत नसते. आकाशात घार दिसली, की लांब, तीव्र, एकसलग आवाज येतो. कुत्रे किंवा मुंगूस दिसले, की तुटक, सलग चालणारा ‘कट्‌-कट्‌-कट्‌-कटाक’ असा कलकलाट होतो. ख्रिस्तोफर एव्हान्स, लिंडा एव्हान्स आणि पीटर मार्लर या अभ्यासकांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे आवाज ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकवले. समोर कोणताही शत्रू नसताना केवळ आवाज ऐकून कोंबड्यांनी योग्य तीच कृती केली. आकाशातल्या धोक्याचा आवाज ऐकून त्या आडोशाला पळाल्या, दबून बसल्या. जमिनीवरच्या धोक्याचा आवाज ऐकून मान उंच करून इकडेतिकडे पाहू लागल्या.

यातून काढायचा निष्कर्ष साधा आहे. इशारा मिळाला, तरी पळून जायला जागा हवी. चार झेपांच्या आत आडोसा नसेल, तर कोंबड्याची बांग वाया जाते. जुन्या परसात शेवगा, हादगा, केळी, अळूचे वाफे, तुळशीमागची जास्वंद, गोठ्याची वळचण असे आडोसे आपोआप असत. आजच्या बंगल्याच्या आवारात एका टोकाला खुराडे, दुसऱ्या टोकाला फाटक आणि मधे सपाट हिरवळ असते. कोंबडीच्या दृष्टीने ते उघडे मैदान आणि घारीच्या दृष्टीने वाढलेले ताट असते.

मग आवारभर झुडपे वाढवावीत काय? येथेच अडचण येते. घारीपासून वाचवणारे झुडूप मुंगसाला लपायला जागा देते. आकाशातल्या शत्रूला आडोसा नको असतो, तर जमिनीवरच्या शत्रूला आडोसाच हवा असतो. अनेकांचे उपाय फसतात ते या दुहेरी पेचामुळे. एका शत्रूला अडवण्यासाठी केलेली सोय दुसऱ्याला वाट करून देते.

मध्ये आडोसा, कडेला मोकळीक

या पेचावरचा तोडगा आवाराच्या आखणीत आहे. आडोसा मधोमध ठेवावा आणि कुंपणाची कड मोकळी राखावी.

कुंपणाच्या आतबाहेर किमान दोन-तीन हात रुंदीचा पट्टा स्वच्छ ठेवावा. तिथे गवत, पालापाचोळा, रचलेल्या विटा, सरपण, जुने पत्रे असे काहीही असू नये. मुंगूस ही मोकळी पट्टी ओलांडायला कचरतो आणि ओलांडलीच, तर कोंबड्यांच्या नजरेस लवकर पडतो. गटाराच्या तोंडाला, भिंतीतल्या पाणी जाण्याच्या भोकांना जाळी बसवावी. ज्या फटीतून मुंगसाचे डोके जाते, तिथून त्याचे सारे अंग जाते, हे सूत्र लक्षात ठेवावे.

आवाराच्या मध्यभागी मात्र दर सात-आठ पावलांवर कोंबड्यांना शिरता येईल असा आडोसा असावा. त्यासाठी झुडपापेक्षा मांडव बरा. गुडघ्याएवढ्या उंचीच्या चार खुंट्या, वर झावळ्या किंवा जुना पत्रा आणि चारही बाजू उघड्या, एवढे पुरते. वरून घारीला कोंबडी दिसत नाही आणि खालून कोंबडीला चहूबाजूंचे दिसते. मुंगसाला लपायला जागा मिळत नाही. जुनी खाट, मोडके बाक, उलटी ठेवलेली हातगाडी हेही तेच काम करतात. दुधी, दोडका, कारले यांच्या वेलांचा मांडव असेल, तर सावली आणि भाजी दोन्ही मिळतात. झाड असेल, तर त्याच्या खालच्या फांद्या छाटून बुंधा उघडा करावा आणि वरचा विस्तार राखावा.

उकिरड्याकडेही लक्ष द्यावे. मासळीची आतडी, कोंबडीची पिसे, मेलेला उंदीर उघड्यावर पडला, की घारी, कावळे आणि कुत्री रोज त्या ठिकाणी फेरी मारू लागतात. एकदा फेरी बांधली गेली, की नजर पिलांवर जाते. असा कचरा खड्ड्यात पुरून वर माती टाकावी.

जाळी कोणती आणि कशी

कोंबड्यांना पूर्ण मोकळे सोडणे शक्य नसेल, तर खुराड्याला लागून जाळीचे आवार करावे. बाजारात ‘चिकन मेश’ या नावाने मिळणारी षटकोनी जाळी स्वस्त असते. गवंडी तिचा उपयोग भिंतीच्या गिलाव्यासाठी करतात. ही जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवू शकत नाही. कुत्रे ती दातांनी आणि पंजांनी सहज फाडते. संरक्षणासाठी जोडावर झाळलेली, अर्थात वेल्डेड जाळीच घ्यावी. वाढलेल्या कोंबड्यांसाठी एक इंचाची जाळी चालते. पिले असतील, तर किमान खालचे दोन हात अर्ध्या इंचाच्या जाळीचे असावेत.

जाळी नुसती जमिनीला टेकवून उपयोग नाही. कुत्रे आणि मुंगूस दोघेही उकरतात. त्यासाठी जाळीचा खालचा फूट-दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला काटकोनात वाकवून जमिनीवर पसरावा आणि वर माती, दगड टाकावेत. उकरणारा प्राणी जाळीच्या बुडाशी येऊन उकरू लागतो. पायाखालीच जाळी लागली, की मागे सरकून उकरावे हे त्याला सुचत नाही. खोल चर खणण्यापेक्षा हा उपाय सोपा आणि स्वस्त पडतो.

वरचे तोंड बंद करण्यासाठी मासेमारीची किंवा बागेची जाळी वापरली जाते. ती जाड धाग्याची, स्पष्ट दिसणारी आणि ताणून बांधलेली असावी. सैल, बारीक, पारदर्शक जाळीत पक्षी अडकून मरतात, सापही गुरफटतात. जाळी परवडत नसेल, तर रंगीत जाड दोऱ्या हातभर अंतरावर आडव्या-उभ्या ताणाव्यात. घारीला झेप घेऊन पुन्हा वर जायला मोकळी वाट लागते. ती तुटली, की ती फारशी धजावत नाही. शिक्रा मात्र अशा दोऱ्यांमधून येऊ शकतो, म्हणून पिलांसाठी पूर्ण जाळीच हवी. पतंगाचा मांजा किंवा नायलॉनची बारीक तार या कामी अजिबात वापरू नये. तिने पक्ष्यांचे पंख कापले जातात.

पहिले दोन महिने

सर्वाधिक नुकसान पिलांचे होते आणि तेही पहिल्या आठ आठवड्यांत. या काळात पिलांना मोकळे सोडण्याचा मोह टाळला, तर निम्मी लढाई जिंकली असे म्हणता येईल.

आपल्याकडच्या डालग्याचा उपयोग या कामी फार चांगला होतो. पहिले तीन-चार आठवडे आई आणि पिले दिवसाही मोठ्या डालग्याखाली किंवा बिनतळाच्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवावीत. पिंजरा रोज हात-दोन हात सरकवला, की पिलांना ताजे गवत आणि किडे मिळतात, जागाही स्वच्छ राहते. डालग्याच्या विणीतून पिले बाहेर पडत असतील, तर भोवती अर्ध्या इंचाची जाळी गुंडाळावी. वर दगड ठेवायला विसरू नये. कुत्रे नाकाने डालगे उलथवते. दाणा-पाणी आतच द्यावे. पाचव्या आठवड्यापासून संध्याकाळी तास-दोन तास, माणूस जवळ असताना पिले आईबरोबर सोडावीत आणि हळूहळू वेळ वाढवावा.

यंत्रात उबवून आणलेल्या पिलांना आई नसते, ही गोष्ट शहरी हौशी पालक विसरतात. घार दिसताच आईच्या पंखाखाली धावण्याचे शिक्षण त्यांना मिळालेले नसते. अशी पिले दोन महिन्यांची होईपर्यंत जाळीतच ठेवावीत आणि शक्य असल्यास जाणत्या कोंबड्यांच्या सोबतीने बाहेर काढावीत.

जातीची निवडही महत्त्वाची आहे. पांढरी, जड, संथ ब्रॉयलर कोंबडी परसात फार दिवस टिकत नाही. ती दुरून दिसते आणि तिला पळता येत नाही. देशी कोंबडी मातीच्या रंगात मिसळते, सावध असते आणि वेळ आली, तर उडून फांदीवर बसते. हैदराबाद येथील भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी विकसित केलेली ‘वनराजा’ ही रंगीत पिसांची जात आहे आणि तिचे लांब पाय पळण्याच्या कामी येतात. कोंबड्या कुंपणावरून जाऊ नयेत म्हणून त्यांचे पंख छाटण्याची पद्धत आहे. पण मोकळ्या सोडलेल्या कोंबडीचे पंख छाटणे म्हणजे तिची सुटकेची वाट बंद करणे होय.

वेळापत्रक आणि राखणदार

कोंबड्या बहुतेक अंडी सकाळी घालतात. म्हणून त्यांना दहा-अकरा वाजेपर्यंत खुराड्यात किंवा जाळीच्या आवारातच ठेवावे. अंडी ठरलेल्या जागी मिळतात, झुडपात घातली जात नाहीत आणि कावळे-मुंगसांना परसात येण्याचे एक कारण कमी होते. अंडी दिवसातून दोनदा गोळा करावीत. घरातली माणसे दिवसभर कामावर असतील, तर कोंबड्या संध्याकाळी परतल्यावर, सूर्यास्ताच्या दोन तास आधी सोडाव्यात. तेवढ्या वेळात त्यांचे चरणे होते आणि अंधार पडू लागताच त्या स्वतःहून खुराड्यात परततात. दाणा नेहमी खुराड्यातच आणि ठरावीक हाकेने द्यावा. या हाकेची सवय लागली, की धोक्याच्या वेळी सारा कळप क्षणात आत घेता येतो. रोज रात्री मोजणी करावी. नुकसान आठ दिवसांनी कळण्यात आणि त्याच दिवशी कळण्यात फार अंतर आहे.

कळपात एक जाणता कोंबडा अवश्य असावा. दाट वस्तीत त्याच्या आरवण्यावरून शेजाऱ्यांशी वाद होतात, हे खरे; महापालिका हद्दीतील नियम आणि सोसायटीची परवानगी आधीच पाहून घ्यावी. गिनी फाउल हा पक्षी अनोळखी हालचाल दिसताच प्रचंड गोंगाट करतो, त्यामुळे काही जण कोंबड्यांबरोबर त्याची जोडी पाळतात. घरचा कुत्रा लहानपणापासून कोंबड्यांमध्ये वाढलेला असेल, तर तो उत्तम राखणदार ठरतो. पण कोंबडीचा पाठलाग करण्याची चटक लागलेला कुत्रा मुंगसापेक्षा वाईट.

बुजगावणी, टांगलेल्या चकचकीत सीडी, फडफडणाऱ्या फिती यांचा उपयोग होतो, पण थोडे दिवस. जागा न बदलणारे बुजगावणे निरुपद्रवी आहे, हे कावळ्याला चार दिवसांत कळते. पिले लहान असतानाच्या मोक्याच्या आठवड्यांत ती लावावीत, दोन-तीन दिवसांनी जागा बदलावी आणि काम झाले, की काढून ठेवावीत.

मारणे हा उपाय नव्हे

पिले गेली, की संताप होणे स्वाभाविक आहे. फासा लावणे, विषारी गोळ्या टाकणे, गलोलीने घार पाडणे असे प्रकार आजही होतात. कायद्याने ते गुन्हे आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीच्या व्याख्येत पकडणे, फासा लावणे आणि विष घालणे यांचाही समावेश होतो. घार, शिक्रा, मुंगूस, घोरपड, नाग, धामण हे सारे संरक्षित आहेत. घोरपड पहिल्या अनुसूचीत असून, तिच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. कावळा पूर्वी उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच रद्द झाली आणि ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. भटक्या कुत्र्यांना विष घालणे हाही गुन्हा आहे. खुराड्यात साप आढळला, तर स्वतः हात न घालता वनविभागाला किंवा जाणकार सर्पमित्राला बोलवावे.

कायद्याचा धाक बाजूला ठेवला, तरी मारण्याने प्रश्न सुटत नाही. एक मुंगूस मारला, तर त्याची मोकळी झालेली हद्द काही दिवसांत दुसरा घेतो. कारण कुंपणाखालची फट आणि उघडा उकिरडा तसाच असतो. टाकलेले विष घरचे मांजर, शेजारचा कुत्रा आणि स्वतःच्या कोंबड्याही खातात. शिवाय कोंबडीचा दाणा म्हणजे उंदरांना आमंत्रण आणि उंदरांमागून साप येतो. त्या दोघांना आवारात आवर घालणारा मुंगूसच असतो. वर्षातून एखादी कोंबडी नेणारा हा प्राणी उरलेले दिवस आपलेच काम करत असतो.

खुराड्याची कडी रात्री लावायची, हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. दिवसाच्या कडीची मात्र सवय लावून घ्यावी लागेल. त्यासाठी मोठा खर्च नाही. चार मांडव, कुंपणालगत मोकळी पट्टी, पिलांसाठी जाळी गुंडाळलेले डालगे आणि रात्रीची मोजणी एवढेच पुरेसे आहे. एवढे केल्यावरही एखादी कोंबडी जाईल. पण खुडूक कोंबडीने २१ दिवस बसून काढलेल्या पिलांपैकी बहुतेक तलंगी-कोंबडे होऊन परसात फिरतील आणि त्या अंड्यांवर ज्या घराचा वरखर्च चालतो, त्या घरच्या बाईला संध्याकाळी मोजताना आकडा पुन्हा पुन्हा तपासावा लागणार नाही.